स्लॅलम वॉटर स्कीइंग: परदेशी जाण्यापूर्वी कोल्हापुरात राहून काय तयारी करता येईल?

प्रश्न – निळी टोपी

नमस्कार. मी कोल्हापूरची असून शाळेत असल्यापासून पोहते. येत्या ऑगस्टमध्ये पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील लुइझियाना राज्यात मन्रो येथील विद्यापीठात जाणार आहे. या विद्यापीठाच्या वॉटर स्की संघाने अनेक राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेली आहेत आणि विद्यापीठाच्या आवारातूनच बायू डीसियार्ड नावाचा संथ प्रवाह जातो, हे वाचल्यापासून मला या खेळाची, विशेषतः स्लॅलम प्रकाराची, फार ओढ लागली आहे. नवशिक्या विद्यार्थ्यांनाही संघाबरोबर शिकायला मिळते, असे तेथे शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला कळवले आहे.

चित्रफिती पाहून खेळाचा बाह्य आकार कळतो. बोटीमागे एकाच स्कीवर उभा असलेला खेळाडू डावी-उजवीकडे झेपावत सहा बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या गोळ्यांना) वळसा घालतो. मात्र प्रत्येक यशस्वी फेरीनंतर दोरी आखूड का करतात आणि दोरी बोयापर्यंत पोहोचतच नसेल तर खेळाडू तेथवर जातो कसा, हे काही केल्या उलगडत नाही. दुसरा प्रश्न तयारीचा आहे. हातात जे काही महिने आहेत त्यांत येथे, पाण्यावर स्की न करता, शरीराची कोणती तयारी करावी? तिसरा प्रश्न माझ्या आईचा आहे. फ्रीस्टाइलच्या सरावाने माझा उजवा खांदा अधूनमधून दुखतो, आणि ५५ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या बोटीची दोरी धरल्यावर त्या खांद्याचे काय होईल, अशी काळजी तिला वाटते. हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे का, हे वडिलांना जाणून घ्यायचे आहे. ऑलिंपिकमध्ये उतरलेले जलतरणपटू वीरधवल खाडे आणि नेमबाज स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जाणारच.

जाणकारांनी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

उत्तर १ – संथ पाणी

नोकरीनिमित्त काही वर्षे इंग्लंडमध्ये असताना मी एका वॉटर स्की क्लबचा सभासद होतो आणि हौशी पातळीवर स्पर्धांमध्येही उतरलो. आता कोल्हापुरात परतलो आहे. तुमचा पहिला प्रश्न या खेळाच्या गाभ्याचा असल्यामुळे त्याचे उत्तर सावकाश देतो.

प्रथम मैदान समजून घ्या. स्लॅलमचा कोर्स २५९ मीटर लांबीचा असतो. त्याच्या मधोमध बोटीसाठी बोयांची एक अरुंद वाट आखलेली असते आणि बोटीने त्या वाटेतून सरळ रेषेत, ठरलेल्या वेगाने जायचे असते. खेळाडूने वळसा घालायचे सहा बोये या मध्यरेषेपासून प्रत्येकी ११.५ मीटर अंतरावर, आलटून पालटून दोन्ही बाजूंना असतात. पहिला, तिसरा आणि पाचवा उजवीकडे, तर दुसरा, चौथा आणि सहावा डावीकडे. सुरुवातीच्या गेटपासून (दोन बोयांमधल्या प्रवेशाच्या फटीपासून) पहिल्या बोयाची ओळ २७ मीटरवर, पुढे प्रत्येक दोन बोयांमध्ये लांबीच्या दिशेने ४१ मीटर आणि शेवटच्या बोयानंतर पुन्हा २७ मीटरवर बाहेर पडण्याचे गेट. दोन्ही गेटांमधून खेळाडूने स्वतः जावेच लागते. सुरुवातीचे गेट चुकले, तर पुढचे सहाही बोये घेऊन काही उपयोग होत नाही.

वेग स्त्रियांसाठी जास्तीत जास्त ताशी ५५ आणि पुरुषांच्या खुल्या गटासाठी ५८ किलोमीटर असतो. ५८ च्या वेगाने अख्खा कोर्स साधारण सोळा सेकंदांत संपतो, म्हणजे एका बोयापासून दुसऱ्याकडे जाण्यासाठी जेमतेम अडीच सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात बोट ४१ मीटर सरळ जाते, पण खेळाडूला त्याच वेळात २३ मीटर रुंदीही ओलांडायची असते. म्हणून बोटीमागच्या लाटा ओलांडताना खेळाडूचा वेग बोटीपेक्षा कितीतरी जास्त झालेला असतो आणि बोयाजवळ येईपर्यंत तो उतरवून, वळून, पुन्हा नव्याने मिळवावा लागतो.

आता दोरीकडे येऊ. नवशिका कमी वेगावर आणि लांब दोरीवर सुरुवात करतो. सहाही बोये घेतले की पुढच्या फेरीत बोटीचा वेग तीन किलोमीटरने वाढवतात. आपल्या गटाच्या कमाल वेगाला पोहोचल्यावर वेग वाढवायची सोय राहत नाही. मग कस वाढवण्यासाठी दोरी कापत, म्हणजे आखूड करत नेतात. १८.२५ मीटरवरून १६, मग १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५ आणि ९.७५ असा तो क्रम आहे. दोरीवर प्रत्येक लांबीसाठी वेगळ्या रंगाचा फास असतो. पहिल्या सहा लांब्यांचे रंग अनुक्रमे तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा असल्यामुळे आपण शाळेत पाठ केलेले ‘तानापिहिनिपाजा’ येथे जवळपास जसेच्या तसे कामाला येते. फक्त पारवा तेवढा वगळायचा.

दोरी आखूड झाली की नेमके काय अवघड होते, हे कागदावर काटकोन त्रिकोण काढून पाहा. दोरी बोटीच्या मध्यावरील खांबाला बांधलेली असते आणि हँडलही तिच्या लांबीतच धरलेले असते. हँडल बोयाच्या ओळीपर्यंत, म्हणजे ११.५ मीटर बाजूला न्यायचे झाल्यास १८.२५ मीटरच्या दोरीला बोटीच्या दिशेशी सुमारे ३९ अंशांचा कोन करावा लागतो. १४.२५ मीटरला हाच कोन ५४ अंश होतो आणि १२ मीटरला ७३. म्हणजे खेळाडू बोटीच्या मागे राहत नाही, तो जवळजवळ तिच्या बाजूला येऊन पोहोचतो. ११.२५ मीटरपासून पुढे तर दोरी बोयाच्या अंतरापेक्षाच आखूड पडते, आणि येथेच तुमच्या कोड्याचे उत्तर आहे. दोरी पोहोचत नाही, शरीर पोहोचते. खेळाडू एक हात सोडून, दुसरा हात हँडलसह पूर्ण ताणून, पाण्याकडे कललेल्या अवस्थेत स्की बोयाच्या पलीकडून नेतो. बोयाला वळसा स्कीने घालायचा असतो, हँडल त्याच्या अलीकडून गेले तरी चालते. अमेरिकेच्या नेट स्मिथ यांनी २०१३ मध्ये ९.७५ मीटरच्या दोरीवर अडीच बोये घेतले होते. तेथे दोरी पावणेदोन मीटरने कमी पडते आणि तो सगळा फरक खांद्यापासून घोट्यापर्यंतच्या शरीराने भरून काढावा लागतो.

‘अडीच’ बोये कसे, असा प्रश्न पडला असेल. बोया चुकला किंवा खेळाडू पडला की त्याची खेळी तेथेच संपते. पण शेवटच्या बोयाला वळसा घालून तो कोठवर परत आला यानुसार पाव किंवा अर्ध्या बोयाचे श्रेय मिळते. म्हणून निकाल लिहिताना वेग, दोरीची लांबी आणि त्या फेरीतील बोये असे तिन्ही सांगावे लागतात. परीक्षकांच्या पसंतीवर गुण मिळत नाहीत, याचे मला सुरुवातीपासून फार आकर्षण वाटत आले आहे. आदल्या आठवड्यात १६ मीटरवर तीन बोये आणि या आठवड्यात साडेतीन, एवढी प्रगतीसुद्धा नेमकी मोजता येते, आणि हौशी माणसाला त्यासाठी कोणाशी तुलना करावी लागत नाही.

वडिलांना सांगा की वॉटर स्कीइंग ऑलिंपिकच्या पदकांच्या खेळांत नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते प्रात्यक्षिक खेळ म्हणून झाले होते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मात्र १९४९ पासून होत आल्या आहेत. खेळ त्याहूनही जुना आहे. १९२२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात लेक पेपिन या सरोवरावर राल्फ सॅम्युएल्सन या अठरा वर्षांच्या मुलाने लाकडी फळ्यांची टोके वाकवून त्यांवर उभे राहण्याचा प्रयोग यशस्वी केला, तेथून त्याची सुरुवात मानतात. विद्यापीठांच्या स्पर्धांमध्ये स्लॅलमबरोबर कसरती आणि उडी हे प्रकारही असतात आणि संघाचे गुण एकत्र धरले जातात, त्यामुळे तेथे गेल्यावर तिन्हींची ओळख करून घ्या.

उत्तर २ – तालमीतली माती

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या खेळाडूंमध्ये कुस्तीगीर आणि पोहणारी मुले-मुली दोन्ही असतात. आईची काळजी रास्त आहे, म्हणून आधी खांद्याबद्दल लिहिते.

पोहताना हात डोक्यावरून पुन्हा पुन्हा फिरतो आणि खांद्याच्या सांध्याला धरून ठेवणारे लहान स्नायू थकतात. तुझे दुखणे बहुधा त्या जातीचे असावे, पण ते प्रत्यक्ष तपासल्याशिवाय गृहीत धरू नकोस. जाण्यापूर्वी एकदा नीट तपासणी करून घे. स्कीइंगमध्ये खांद्यावर येणारा भार वेगळ्या प्रकारचा असतो. तो हात फिरवण्याचा नसून ताणलेल्या हातावर झेलण्याचा असतो. हा भार कोपर वाकवून, दंडाच्या जोरावर झेलायला गेले तर दंड आणि खांदा दोन्ही लवकर दुखावतात. हात सरळ ठेवून, खांद्याची पाती पाठीला घट्ट बसवून तोच भार पाठ, कंबर आणि पायांकडे सोपवला तर खांद्याला फक्त दुव्याचे काम उरते. म्हणून तुझ्या तयारीत दंडाच्या व्यायामाला शेवटचे स्थान दे.

माझ्या मते तुला चार गोष्टींची गरज आहे: बोटांची पकड, पाठीचा खालचा भाग, एका पायावरचा तोल आणि खांद्याच्या पात्यांवरचा ताबा. पकडीसाठी कोल्हापुरात राहणाऱ्याला आणखी काही शोधायची गरज नाही. दोरीचा मल्लखांब शिकवणारी जागा जवळ असेल तर काही महिने जा. नसेल तर तालमीतल्यासारखी दोरी चढणे आणि आडव्या दांड्याला सरळ हातांनी लोंबकळणे पुरेसे आहे. खांदा दुखत असेल त्या दिवशी मात्र लोंबकळू नको. बैठका चांगल्या आहेत, पण त्यांत दोन्ही पाय सारखे काम करतात, आणि स्लॅलम स्कीवर एक पाय पुढे आणि दुसरा त्याच्या मागे अशी सरळ रेषेतली उभी राहण्याची पद्धत असते. म्हणून एका पायावरच्या बैठका, पुढे पाय टाकून बसणे-उठणे आणि हलक्या वजनाने केलेली डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून सरळ उभे राहणे) यांवर भर दे. डेडलिफ्ट कोणाच्या तरी नजरेखाली शीक, कारण पाठ वाकवून उचलण्याची सवय लागली तर ती पाण्यावरही तशीच राहते.

जोरांबद्दल एक स्पष्ट मत देते, कुस्तीप्रेमींनी राग मानू नये. जोर हा उत्तम व्यायाम आहे, परंतु पोहणाऱ्या मुलीच्या खांद्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू आधीच घट्ट असतात आणि तिला मागच्या बाजूची ताकद हवी असते. त्यामुळे जितके जोर मारशील त्याच्या दुप्पट वेळ रबरी पट्टा मागे ओढण्याच्या व्यायामाला दे.

उत्तर ३ – भोगावतीकाठचा

ताईंना शुभेच्छा. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. तयारीसाठी परदेशात जाईपर्यंत थांबायचे कशाला? आपल्याकडे रंकाळा आहे, कळंबा आहे, राधानगरीचा जलाशय आहे. पहाटे रंकाळ्याचे पाणी आरशासारखे असते. एखादी चांगली मोटरबोट मिळाली आणि परवानगी मिळाली तर रंकाळ्यात सहा बोये टाकून कोर्स का उभारू नये? कोल्हापूरने कुस्ती, फुटबॉल, नेमबाजी आणि पोहणे यांत नाव काढले आहे, तेव्हा या खेळातही पुढाकार घ्यायला हरकत नसावी. मालवण-तारकर्लीला पर्यटकांसाठी एवढे जलक्रीडा प्रकार चालतात, मग आपल्याकडे का नाही?

उत्तर ४ – सांडव्यापलीकडे

मी पाटबंधाऱ्यांच्या कामात आयुष्य घालवलेला निवृत्त अभियंता आहे. भोगावतीकाठच्या मित्राचा उत्साह मला आवडला, परंतु मुलीने उद्या खरोखरच रंकाळ्यावर दोरी धरू नये म्हणून स्पष्ट लिहितो.

कोर्स २५९ मीटरचा असला तरी त्याच्या दोन्ही टोकांना बोटीला वेग घ्यायला, खेळाडूला स्थिर व्हायला आणि फेरी संपल्यावर वळायला जागा लागते. त्यामुळे एकूण सहाशे ते सातशे मीटर लांबीचे मोकळे, सरळ पाणी हवे. दगडाच्या जुन्या खणींचे पाणी खोल असले तरी ही लांबी तेथे मिळत नाही. रंकाळ्यात लांबी मिळेल, पण काठाचे काय? बोट गेली की तिच्या लाटा दोन्ही काठांना जाऊन आदळतात. काठ उतरता आणि मातीचा किंवा गवताचा असेल तर लाट तेथेच जिरते. काठ उभा आणि दगडी असेल तर ती परत फिरते. रंकाळ्याच्या ज्या बाजूला दगडी बांधकाम आहे तेथे उभे राहून पावसाळी वाऱ्यात पाणी पाहा. भिंतीला लागून परतलेली लाट समोरून येणाऱ्या लाटेला छेदते आणि सगळ्या पृष्ठभागावर लहान लहान टेंगळे उठतात. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, तळहाताएवढ्या रुंदीच्या कडेवर कललेल्या खेळाडूला ही टेंगळे पुरेशी धोक्याची असतात. त्याशिवाय रंकाळा ही पक्ष्यांची, फिरायला येणाऱ्यांची आणि संध्यामठाच्या परिसराची जागा आहे, तेथे जलपर्णीचा प्रश्न वारंवार उद्भवतो, आणि बोटीच्या पंख्यात किंवा स्कीच्या फिनमध्ये, म्हणजे तिच्या खालच्या पात्यात, तिचे दोरे अडकले तर बोट आणि माणूस दोघेही संकटात सापडतात.

कळंब्याचे पाणी शहराच्या काही भागाला प्यायला दिले जाते. त्यात इंजिनची बोट घालण्याचा विचारही मला मान्य नाही. राधानगरीचा जलाशय अभयारण्याच्या परिसरात आहे, तेथे वनविभागाचा प्रश्न येतो. आपल्या इतर धरणांच्या जलाशयांत पाण्याची पातळी ऋतुमानानुसार इतकी उतरते की पावसाळ्यानंतर टाकलेले बोये उन्हाळ्यात चिखलावर पडलेले दिसतील, आणि बुडालेली झाडांची खोडे व जुने बांध उघडे पडण्याआधी नेमके पाण्याच्या पातळीखाली लपलेले असतात. जलाशयासाठी जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि यांत्रिक बोटीची नोंदणी व तिच्या चालकाची पात्रता हे विषय अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली येतात. महाराष्ट्रात हे काम मेरिटाइम बोर्डाकडे असते. तारकर्लीची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथील खेळ लाटांवर चालणारे आहेत. स्लॅलमला समुद्र मुळातच चालत नाही.

मुली, कोर्स येथे कधीच होऊ शकणार नाही, असे माझे म्हणणे नाही. खासगी जमिनीवर, लांब आणि अरुंद, उतरत्या मातीच्या काठांचा तलाव मुद्दाम खोदला तर हा खेळ आपल्या जिल्ह्यातही नीट चालेल, पाण्याची तेवढी श्रीमंती आपल्याकडे आहे. पण तुझ्याकडे आहेत ते काही महिने, आणि ते परवानग्यांच्या मागे घालवू नकोस.

प्रतिप्रश्न – निळी टोपी

सर्वांचे मनापासून आभार. काकांचे उत्तर वाचून रंकाळ्याचा विषय मी मनातून काढून टाकला आहे, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे खांद्याची तपासणी पुढच्या आठवड्यात करून घेणार आहे. ‘संथ पाणी’ काकांना आणखी दोन गोष्टी विचारते. जमिनीवर उभे राहून करता येईल असा खुद्द स्कीइंगचा काही सराव असतो का? आणि पहिल्या दिवशी पाण्यात असताना, इंग्रजी बोलणारा चालक दूर बोटीत असताना, त्याच्याशी संवाद कसा साधायचा? स्की आणि इतर साहित्य येथूनच विकत घेऊन जावे का, हेही सांगावे.

उत्तर ५ – संथ पाणी

जमिनीवरचा सराव आहे आणि तो फार मोलाचा आहे. एक मजबूत झाड किंवा खांब निवडा. त्याला कंबरेच्या उंचीवर दोरी बांधा आणि दुसऱ्या टोकाला गोल लाकडी दांडा लावा. दोरीचा ताण येईल इतके मागे उभे राहून हात सरळ ठेवा, गुडघे किंचित सैल सोडा, आणि आता मागे कला. येथे बहुतेक जण खुर्चीत बसल्यासारखे कूल्हे मागे टाकतात. तसे केले की सगळा भार पाठीच्या खालच्या भागावर येतो आणि पाण्यावर स्कीचे टोक वर उचलले जाते. कलताना कूल्हे दांड्याच्या दिशेने पुढे यायला हवेत, म्हणजे घोट्यापासून खांद्यापर्यंत शरीर एका सरळ रेषेत तिरपे झालेले दिसेल. दांडा पोटापाशी, कंबरेच्या जवळ राहतो. कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा, स्वतःला ते चूक की बरोबर हे कळत नाही. दोन्ही बाजूंना तिरके उभे राहूनही हेच करून पाहा, कारण कोर्समध्ये प्रत्येक फेरीत ही अवस्था एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे झुकून घ्यावी लागते. रोज थोडा वेळ केले तरी पुरे. मी क्लबमध्ये पाहिले आहे की ज्यांची ही उभे राहण्याची पद्धत पक्की असते ते पहिल्याच मोसमात झपाट्याने पुढे जातात, आणि अंगात प्रचंड ताकद असूनही जे कोपर वाकवून बोटीशी रस्सीखेच करतात ते कित्येक वर्षे त्याच वेगावर अडकून राहतात.

पाण्यातून उठताना हाच नियम आणखी महत्त्वाचा ठरतो. गुडघे छातीशी घेऊन बसायचे, स्कीचे टोक पाण्याबाहेर ठेवायचे, हात सरळ ठेवायचे आणि उठायचे काम बोटीला करू द्यायचे. घाईने स्वतः उभे राहायला गेले की पाण्याचा सगळा दाब अंगावर येतो आणि हँडल हातातून सुटते. पोहणाऱ्यांना पाण्यात स्वस्थ बसून थांबणे जड जाते, त्यामुळे हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. बहुतेक ठिकाणी आधी दोन स्कींवर शिकवतात, मग एक सोडून द्यायला सांगतात, आणि त्यानंतर एका स्कीवर पाण्यातून उठायला लावतात. या क्रमाला कमी लेखू नका. बोये तर त्यानंतर बऱ्याच काळाने येतात, आणि तोवर मोकळ्या पाण्यात बोटीमागच्या दोन्ही लाटा समान लयीत ओलांडण्याचा सराव करावा लागतो. ही लय डावीकडे आणि उजवीकडे सारखी जमली नाही, तर बोया क्रमांक दोनलाच उशीर होतो आणि तो उशीर पुढे दर बोयागणिक वाढत जातो. कोर्समध्ये शिरताना बोटीच्या डावीकडे बाहेर पडून, तेथे क्षणभर संथ होऊन, मग गेटातून उजव्या बोयाकडे झेप घ्यायची असते. फेरी बिघडते ती बहुतेक वेळा या पहिल्या झेपेत, आणि पाहणाऱ्याला मात्र दोष चौथ्या-पाचव्या बोयाला दिसतो.

चालकाशी बोलायची भाषा हातांची असते, त्यामुळे इंग्रजीची चिंता नको. अंगठा वर केला की वेग वाढवा, खाली केला की कमी करा. डोक्यावर थोपटले की मला धक्क्यावर परत न्या. गळ्यावरून हात आडवा फिरवला की इंजिन बंद करा. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जुळवून दाखवायचे, म्हणजे मी ठीक आहे असा अर्थ होतो. हा इशारा पडल्याबरोबर द्यायची सवय लावून घ्या, कारण बोटीतील निरीक्षक त्याचीच वाट पाहत असतो आणि तो मिळाला नाही तर त्याला तुम्ही जखमी आहात असे धरावे लागते. बोटीत चालकाखेरीज मागे तोंड करून बसलेली दुसरी व्यक्ती असल्याशिवाय दोरी हातात घेऊ नका, मग समोरचा कितीही अनुभवी असो.

सुरक्षिततेचे आणखी दोन नियम आईला वाचून दाखवा. दोरी कधीही मनगटाला किंवा हाताला गुंडाळायची नाही आणि हँडलच्या त्रिकोणातून हात किंवा डोके घालायचे नाही. तोल गेला की हँडल ताबडतोब सोडायचे. ते वाचवण्याच्या नादात धरून ठेवले तर खांदा आणि बरगड्या दुखावतात, आणि खांद्याच्या गंभीर दुखापती मी पाहिल्या त्या बहुतांशी अशाच होत्या. दुसरा नियम अंगाला घट्ट बसणाऱ्या लाइफ जॅकेटचा. तुम्ही उत्तम पोहत असलात तरी ते घालायचेच, कारण त्या वेगाने पाण्यावर आपटल्यावर श्वास कोंडतो आणि काही क्षण हातपाय हलवणे जमत नाही.

साहित्याबद्दल म्हणाल तर येथून काहीही घेऊन जाऊ नका. स्कीची लांबी तुमच्या वजनावर आणि कोणत्या वेगाने स्की करणार यावर ठरते, आणि तो वेग तुम्हाला आज माहीत नाही. पायात बसणारे बूट तर घालून पाहिल्याशिवाय घेताच येत नाहीत. संघाकडे किंवा वरिष्ठ विद्यार्थ्यांकडे वापरलेली स्की असते, पहिला मोसम त्यावर काढा. स्कीखालच्या फिनची खोली आणि जागा खेळाडू इंचाच्या हजारांश भागांत बदलत बसतात, त्या चर्चेत पहिल्या वर्षी अजिबात पडू नका. हातमोजे तेवढे स्वतःचे असावेत. मन्रोला पोहोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत स्कीची पाळी येवो न येवो, बोटीतील निरीक्षकाची जागा मागून घ्या. तेथे बसून चांगल्या खेळाडूचे हँडल लाट ओलांडताना कंबरेपासून किती दूर जाते, एवढेच पाहत राहा. काठावरून किंवा चित्रफितीतून ते नीट दिसत नाही.